आईच्या गुडघ्यातली फट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पांढऱ्या उजेडाच्या पेटीवर गुडघ्याचे दोन एक्स-रे लटकत होते आणि शेजारी हात उंचावून फोटोबाबा उभे होते.

"डावीकडे बघा! हाडावर हाड बसलंय. आता उजवीकडे. माझा हात लागला आणि मधली फट पुन्हा उघडली! माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मी मात्र टाळी वाजवली नाही, कारण दोन्ही फोटोंवर आमच्या रुग्णालयाचं नाव होतं. गुडघा माझ्या आईचा होता आणि फोटो मीच काढून दिले होते.

"लेक डॉक्टर आहे माझी, हाडांच्या फोटोंवर संशोधन करते," आई माइकवर कौतुकानं सांगत होती. "तिनंच काढलाय हा. मी तर ऑपरेशनच रद्द केलं!"

तिनं काठी पुढे केली. बाबांनी ती बाकीच्या काठ्यांच्या ढिगात भिरकावली. आई लंगडतच जागेवर आली, पण हसत.

फोटो कुठेही काढा, पण झोपूनच, अशी बाबांची अट होती. उभं राहिलं की म्हणे शक्ती तळव्यांतून जमिनीत सांडते. आईनं हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. शक्ती म्हणजे काय फुटक्या बादलीतलं पाणी? पण बाहेर रांग होती आणि आईशी वाद घालायचा कंटाळा आला होता. "झोपवूनच घ्या," मी सहायकाला म्हटलं आणि फोटो पाकिटात घालून तिच्या हातात ठेवला. झिजलेला गुडघा उभ्यानं कसा दिसतो आणि झोपून कसा, हाच माझ्या संशोधनाचा विषय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी व्यासपीठाशी गेले. "बाबा, उजवीकडचा फोटो झोपून काढलाय. डावीकडचा जुना, उभ्यानं काढलेला. दोन्ही मीच काढलेत."

"शंकेखोराला कृपा दिसत नाही, डॉक्टरताई," बाबा गोड हसले. लोक माझ्यावरच खेकसले, "आईचं बरं झालेलं बघवत नाही का?"

दुसऱ्या दिवशी मी आईला अक्षरशः ओढत एक्स-रे विभागात आणलं. मला खोटं पाडायला बाबांच्या मंडळाचे सेक्रेटरीही आले. आईला उभं करून फोटो घेतला. पडद्यावर हाडावर हाड, फट गायब.

"उभं केलंत ना? सांडली शक्ती!" सेक्रेटरी ओरडले.

रांगेत गुडघ्याच्या तपासणीसाठी आलेले एक निवृत्त बसचालक होते. "मी बाबांना पाहिलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "माझा काढा दोन्ही तऱ्हेनं." उभ्यानं त्यांचीही हाडं एकमेकांना टेकली. टेबलावर आडवे झाले आणि फट उघडली.

"अरेच्चा! मग माझ्यावर कृपा कुणाची? टेबलाची?"

सगळे हसले. मी समजावून सांगितलं. दोन हाडांमध्ये कूर्चेची गादी असते. ती एक्स-रेत उमटत नाही, तिच्या जागी मोकळी फट दिसते. गादी झिजली की उभं राहिल्यावर अंगाच्या भारानं हाडं एकमेकांवर येतात. आडवं झालं की भार उतरतो, हाडं जरा दूर होतात, फट दिसते. झिजलेलं झिजलेलंच राहतं.

सेक्रेटरी पडद्याशी जाऊन दोन्ही फोटो ताडून बघू लागले. मग हळूच म्हणाले, "त्या काठ्या परत द्यायला हव्यात."

आई हसली नव्हती. तिनं विचारलं, "हे तुला त्या दिवशीही माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? त्या माणसानं माझा हात धरून एकेक हाड दाखवलं. खोटं का होईना, पण दाखवलं. तू पाकीट दिलंस."

बाबानं लोकांना फसवलं, पण त्याच्या हाती पुरावा मी दिला होता, माझ्याच आईच्या विरुद्ध. ती निघायला वळताना सवयीनं काठी चाचपू लागली. काठी नव्हती. मी खांदा पुढे केला. क्षणभर थांबून तिनं तो धरला आणि म्हणाली, "चल, ऑपरेशनची तारीख पुन्हा घेऊ. पण या वेळी सगळं नीट सांगायचं."

तुम्हालाही कुणी चमत्काराचा फोटो दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हा काढला कसा? आणि डॉक्टरांनी नुसतं पाकीट हातात ठेवलं, तर उठू नका. समजावून सांगा म्हणा. डॉक्टर मी असले, तरीही.