दुसऱ्या पुस्तकाची अनुक्रमणिका

पहिलं पुस्तक निघालं की माणसाच्या डोक्यात थोडी हवा जातेच. माझ्या जरा जास्तच गेली होती. साल सहासष्ट. मी चिपळूणहून येऊन सिल्वासातल्या मराठी शाळेत शिकवत होते आणि पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र माझ्या हातात होतं: 'वारली गोष्टींचा दुसरा भाग दिवाळीपर्यंत द्यावा.' ते मी इतक्यांदा वाचून दाखवलं की शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "मालतीबाई, आता आम्हालाही पाठ झालं."

दिवाळी कशाला? मी गणपतीपर्यंत देणार होते. रविवारी चहा निवायच्या आत अनुक्रमणिका तयार! बारा गोष्टी, प्रत्येकीला नाव, पानांचा अंदाजसुद्धा.

"आणि गोष्टी?" आमच्या यजमानांनी विचारलं. हे सरकारी कचेरीत कारकून, जोडपत्राशिवाय कागद पुढे सरकवत नसत. "बाजारात तुरी..."

"तुरी खडोलीत आहेत, बुधीमावशीकडे," म्हणत मी चपला घातल्या.

पहिल्या पुस्तकातल्या सगळ्या गोष्टी याच बुधीमावशीनं सांगितलेल्या. साठीची वारली बाई. मी गेले तेव्हा ती अंगणात नागली पाखडत होती. तिला वाचता येत नाही म्हणून पुस्तक दिलंच नव्हतं मी. आज मोठ्या ऐटीत नेलं आणि तिची आवडती गोष्ट वाचून दाखवली, वाघाच्या घरी नांदलेल्या मुलीची.

सूप मांडीवर ठेवून तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"गोठ माझीच हाय," ती म्हणाली. "पन चैती कठं गेली?"

तेव्हा आठवलं. गोष्ट सुरू करण्याआधी बुधीमावशी ती कुणाकडून आली ते सांगायची. मला चैतीनं दिली, चैतीला तिच्या सासूनं, सासूला नरोलीच्या कुणीतरी. पाल्हाळ म्हणून मी ते सगळं लाल पेन्सिलीनं उडवलं होतं, एकूण एक गोष्टीतून. वर नाव फक्त माझं.

"चैतीनं गोठ दिली तवा मी कबूल केलेलं, सांगन तवा तुजं नाव पहिलं घेन. तू मना खोटी पाडलीस, बाय. आता नाय सांगायची."

आणि ती पाखडू लागली. वाचकांना कंटाळा येतो, प्रकाशकांना पानं परवडत नाहीत, अशी उत्तरं माझ्याकडे होती. पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात दुसऱ्याचं बघून लिहिणाऱ्या पोरांचे कान मी पिळत असे, आणि स्वतः काय केलं होतं?

मी वही उघडली. अनुक्रमणिकेवर उभी रेघ मारली.

"मावशी, गोष्ट नको. नावं सांग. एकही गाळणार नाही. प्रकाशक नको म्हणाले तर दुसरा प्रकाशक शोधीन."

 मावशी सूप बाजूला ठेवून बोटांवर मोजायला लागली. चैती, चैतीची सासू, सामरवरणीची आंधळी लाडकी... दोन पानं भरली. दुपार झाली, गोष्ट एकही मिळाली नव्हती, आणि तरी माझी खात्री पटली होती की हे पुस्तक पहिल्याहून चांगलं होणार.

"झाली सगळी?" मी विचारलं.

"एक ऱ्हायली."

मी पेन्सिल टेकवली.

"मालती," ती म्हणाली. "लिव. आता गोठ तुज्याकडनंच पुढं जायची ना?"