अबू शरीफा

"हे सकाळी पाहिलं तेच बेट ना?" शरीफाने विचारलं.

"नाही गं. ते पहिलं. हे तिसरं," हारून म्हणाला.

तिला काही फरक दिसेना. तीच पांढरी वाळू, तीच तिवरं, तेच डोळे दिपवणारं हिरवं पाणी. बेटांच्या नावापासूनच तिचा घोळ सुरू झाला होता. "फरासान," असं आकिबने फोनवर सांगितलं, तेव्हा तिला फरसाण ऐकू आलं होतं. आकिब त्यांचा मुलगा, सौदीत अबकैकला इंजिनिअर. "अब्बांनी तीस वर्षं इथे हुफूफला खजुराच्या दुकानात काढली. आता ते कायमचे गावी निघालेत, तर एक दिवस तरी दोघं निवांत फिरा," म्हणून त्यानेच बेटांसमोरच्या जिझान बंदराची तिकिटं काढली आणि दिवसभरासाठी बोट ठरवली. त्या निमित्ताने शरीफाही व्हिजिट व्हिसावर रत्नागिरीहून आली होती.

खरं तर बेटांपेक्षा तिला नवऱ्याचं कोडं पडलं होतं. लग्नानंतर हारून पहिली दोन वर्षं जिझानलाच होता, एका दुकानात. "समुद्राच्या वाटेला कधी गेलो नाही," असं तो नेहमी सांगे. आणि आज हाच माणूस हलत्या बोटीत असा उतरला, जणू घरच्या ओट्यावरून अंगणात. दुसऱ्या बेटावर "तिकडे मागे गोड्या पाण्याची विहीर आहे," म्हणाला, आणि विहीर खरंच होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," असं म्हणून तो दुसरीकडे बघू लागला होता.

तिसऱ्या बेटावर मात्र तो उतरायलाच तयार होईना. "डोकं दुखतंय. तू बघून ये."

जमालुद्दीन, त्यांचा मलबारी बोटवाला, हसून म्हणाला, "चाचा, यहाँ का बूढ़ा नाखवा बढ़िया कहवा पिलाता है." एवढ्यात त्याच्या हातातला दोर निसटला आणि बोट मागे सरकू लागली. हारूनने झेप घेऊन दोर पकडला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि खुंट्याला दोन वेढे मारून अशी गाठ आवळली की शरीफा बघतच राहिली. घरी कपड्यांची दोरी बांधायची तरी हा माणूस शेजाऱ्याला हाक मारायचा.

झोपडीसमोर जाळं विणत बसलेला म्हातारा उठून आला. त्याने आधी गाठ पाहिली, मग हारूनचं तोंड निरखलं, आणि एकदम ओरडला, "अबू शरीफा!"

त्याने हारूनला मिठी मारली, गालांचे मुके घेतले आणि अरबीत भडाभडा बोलू लागला.

शरीफाच्या पायाखालची वाळू सरकली. अबू म्हणजे बाप, एवढं तिला कळत होतं. हुफूफला सगळे हारूनला अबू आकिब म्हणत. मग ही शरीफा कोण? इथे याची कुणी मुलगी आहे? आणि तिला नाव माझं ठेवलं?

"काय म्हणतोय तो?" तिने जमालुद्दीनला हिंदीत विचारलं.

"पूछ रहा है, शरीफा कितनी बड़ी हो गई? शादी हुई? वो लाल फ्रॉक उसको आया था क्या?"

लाल फ्रॉक! शरीफा तिथेच वाळूत बसली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गावच्या एका माणसाबरोबर हारूनने एक पार्सल पाठवलं होतं. आत लहान मुलीचा जरीकाठी लाल फ्रॉक. ना चिठ्ठी, ना काही. घरात मूल नव्हतं. सासू म्हणाली होती, "पोरगा विचारतोय, पाळणा कधी हलणार?" आठवडाभर शरीफा चुलीपुढे बसून रडली होती.

"आता खरं सांगा," ती म्हणाली.

हारून तिच्यासमोर उकिडवा बसला. "दुकान नव्हतं, शरीफा. मी याच्या मचव्यावर खलाशी होतो. तुझा थोरला भाऊ समुद्रात बुडून गेला, तेव्हापासून तुझ्या बावांनी सांगितलं होतं, लेक खलाशाच्या घरी देणार नाही. म्हणून दुकान सांगितलं."

"आणि मुलगी?"

"मुलगी कुठली! अरबी मला दोन शब्द येत. हे लोक विचारत, घरी कोण आहे? मी म्हणायचो, शरीफा. आठवण आली की, शरीफा. ह्यांना वाटलं, लेकीसाठी झुरतोय. बायको असं सांगायला शब्दच माहीत नव्हता. पुढे आला, पण तोवर माझं नावच अबू शरीफा पडलं होतं."

"फ्रॉक का पाठवलात मग?"

"नाखव्याने मायेने दिला होता. टाकून कसा देऊ? वाटलं, तू समजशील."

"काय समजणार मी?" तिचा आवाज चढला. "तीस वर्षं मी त्या फ्रॉकचा राग धरून बसलेय!"

हारून वाळूत बोट फिरवू लागला. "आधी बावांची भीती होती. मग तुझी. मग इतकी वर्षं गेली की कुठून सुरुवात करावी तेच कळेना."

जमालुद्दीनने म्हाताऱ्याला सगळं समजावलं, तसा तो आ वासून शरीफाकडे पाहत राहिला. मग हसत हसत त्याने डोळे पुसले आणि आत जाऊन कहव्याचा पेला तिच्यापुढे धरला. तिला हसावं की पेला भिरकावून द्यावा ते समजेना. ती कहवा प्यायली.

परतताना बोट लाटांवर आपटू लागली. ती हारूनपासून हातभर लांब बसली होती. समुद्राकडे बघत तिने विचारलं, "दोन वर्षं यावर काढलीत. पोहता तरी येत होतं का?"

"नाही," हारून म्हणाला. "अजूनही येत नाही."

शरीफा सरकून त्याच्या शेजारी आली आणि किनारा येईपर्यंत तिने त्याचं मनगट सोडलं नाही. राग गेला होता की नुसती भीती वाटत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.