म्हैस

मिस्त्रीच्या हातची एकही होडी आजवर बुडाली नव्हती. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. धक्क्यावरचे लोक सांगायचे, आणि तो ऐकलं न ऐकलंसं करून रंधा मारत राहायचा.

एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं, तेव्हा जावयानं एक नकाशा आणून त्याच्या बाकावर पसरला. जावई बोटींच्या कारखान्यात नकाशे काढायचा, आणि ही होडी त्यानं स्वतःसाठी काढली होती. हलकी, तळाला जवळजवळ सपाट. खाली मधोमध एकच खोल, अरुंद पातं, त्याच्या टोकाला शिशाचा गोळा. वर उंच डोलकाठी.

"ही होडी आहे की सुरी?" मिस्त्री म्हणाला.

"चालतेही सुरीसारखीच, बाबा. वारा समोरून आला तरी त्याला कापत वर चढते."

"आणि लाटेवरून आपटली की दात खिळखिळे होतात, तेही सांगा. सुकाणूवरचा हात जरा सैल पडला की गर्रकन फिरते. माझी लेक बसणार आहे हिच्यात, जावईबापू."

आठवडाभर वाद चालला. लेकही नवऱ्याच्या बाजूनं बोलली. पण मिस्त्री एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्यानं नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला आणि आपल्या मनाची होडी बांधली. रुंद पोटाची, जड लाकडाची, बुटक्या डोलकाठीची. तळाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, लांब कणा. सरळ अशी चालायची की सुकाणू बांधून निवांत चहा प्यावा. खवळलेल्या पाण्यात डुलायची, पण आपटायची नाही. फक्त वारा समोरून आला की अडून बसायची. जितकी पुढे जायची तितकीच बाजूला सरकायची.

"सासऱ्यांची म्हैस," जावई सगळ्यांना हसत सांगायचा. मिस्त्रीलाही त्याचं हसू यायचं.

तीन वर्षं म्हैस छान चालली. मग एका रविवारी कारखान्यातली मंडळी तीन होड्या घेऊन समोरच्या बेटावर गेली; दोन हलक्या, पात्याच्या, तिसरी जावयाची म्हैस. लेकीला ताप होता, म्हणून ती घरी राहिली. दुपारी परत येताना वादळानं गाठलं.

संध्याकाळच्या आत त्यांच्यातला एकजण मिस्त्रीच्या शेडमध्ये आला. कपड्यांतून पाणी गळत होतं. लेक शाल पांघरून बापाशेजारी उभी होती.

"वारा आम्हाला किनाऱ्याकडे ढकलत होता," तो म्हणाला. "बंदरात शिरायला खडकाच्या टोकाला बाहेरून वळसा घालावा लागतो. आमच्या दोन्ही होड्या आपटत होत्या, आम्ही ओकत होतो, पण शिडावरच वारा कापत टोकाबाहेरून निघालो. त्याचं इंजिन पाणी शिरून बंद पडलेलं. तीनदा त्यानं होडी वळवली. दर वेळी टोकाच्या आणखी जवळ. वाऱ्यावर चढेचना ती."

"पुढे?" लेकीनं विचारलं.

"खडकावर गेली," तो मिस्त्रीकडे बघत म्हणाला.

लाटेनं होडीबाहेर फेकलेल्या जावयाचं प्रेत दुसऱ्या दिवशी मिळालं. म्हैस दोन खडकांच्या मधे अलगद ठेवल्यासारखी सापडली. बघायला गर्दी जमली. "एक फळी उसवली नाही!" कुणीतरी म्हणालं. "काय हात आहे मिस्त्री तुमचा!"

मिस्त्रीनं त्या होडीवरून इंच इंच हात फिरवला. कुठे सांधा सुटलाय का, एखादा खिळा ढिला आहे का, लाकूड कुजकं निघतंय का. काहीतरी कच्चं सापडावं म्हणून तो शोधत होता. काहीच सापडलं नाही.

पंधरा दिवसांनी लेकीनं विचारलं, "बाबा, ती नकाशातली बांधली असतीत, तर आला असता ना तो?"

खोटं बोलायला जागा होती. हलकी होडी वादळात उलटू शकते, पातं मोडू शकतं, असं कुणीही म्हटलं असतं. पण त्या दोन्ही हलक्या होड्या धक्क्याला बांधलेल्या तो रोज बघत होता.

"आला असता," तो म्हणाला.

"माझ्या काळजीनंच केलंत तुम्ही. तेच मला सोसत नाहीये, बाबा."

ती नणंदेच्या गावी गेली. तिनं सोबत कपाटावरचा नकाशा तेवढा नेला. पत्रं यायची, दोन ओळींची. तब्येत बरी आहे, काळजी करू नये.

उन्हं वाढली तेव्हा एक गिऱ्हाईक आलं. "खडकावर आपटूनही जी फुटली नाही, तशीच हुबेहूब पाहिजे. बायको म्हणते, होडी घ्यायची तर तीच."

"तशी नाही बांधत आता."

"मग कशी बांधाल?"

मिस्त्रीनं सवयीनं कानामागची पेन्सिल काढली, कागद पुढे ओढला. कणा किती लांब घ्यावा, पोट किती रुंद, हे त्याचा हात आजवर न विचारता सांगत आला होता. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. गिऱ्हाईक खाकरलं.

"कळवतो," मिस्त्री म्हणाला.

त्यानं कळवलं नाही. त्या वर्षी शेडमध्ये नवी होडी उभी राहिली नाही, आणि पुढच्याही वर्षी नाही.