आवाज परत आणणारा डबा

मित्रांनो, चिऱ्याच्या रिकाम्या खाणीत उभे राहून तुम्ही कधी हाक मारली आहे का? तांबड्या भिंतींवर आपटून ती हाक परत येते. आधी मोठी, मग बारीक, मग त्याहून बारीक. तेच काम मी आयुष्यभर केले. मी विजेवरच्या गिटारीला जोडायचा एक जुना पेडल आहे. रंगाने निळा, आकाराने साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात तसा. ज्यांना माझे नाव ठाऊक आहे ते मला इको म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही ते डबा म्हणतात.

गिटारीतून निघालेली विजेची तार माझ्या एका कानात शिरते आणि दुसऱ्या कानातून बाहेर जाते. वाजवणाऱ्याने पायाने माझी कळ दाबली, की त्याचा सूर मी क्षणभर जवळ ठेवून घेतो आणि मग त्याला परत करतो. माझ्या जातीत आणखीही पुष्कळ आहेत. कोणी सुराला खरखरीत करतो, कोणी त्याला लाटेसारखा हेलकावे देतो. आम्हां सर्वांविषयी जगात एकच प्रश्न विचारला जातो. हात चांगला असेल तर गिटारवाल्याला ह्या डब्यांची गरज काय? हा प्रश्न माझ्या तोंडावर विचारला गेला आहे. त्याचे उत्तर मला फार उशिरा सापडले.

माझा जन्म परदेशातील एका कारखान्यात झाला. कोणाच्या हातांनी मला जोडले ते मला माहीत नाही. जन्मदात्याचे तोंड न पाहणे हे आम्हां यंत्रांच्या नशिबीच असते. जहाजातून मी कुवेतला गेलो आणि एका दुकानाच्या काचेत बसून राहिलो. तिथून मला युसुफभाईंनी उचलले.

युसुफभाई रत्नागिरीचे, आरे-वारेच्या वाटेवरील एका गावचे. तरुणपणी लग्नातल्या ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवीत. पुढे पोटासाठी कुवेतला गेले आणि तिथल्या एका गोदामात मालाची गाडी चालवू लागले. दुकानात त्यांनी मला जोडून एकच सूर वाजवला. तो परत आला तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. लहानपणी मामाच्या गावी ते चिरेखाणीत हाका मारीत असत, हे मला नंतर कळले.

त्यांच्या खोलीत बरीच माणसे राहत. कामावरून येत, जेवत, भिंतीकडे तोंड करून निजत. युसुफभाई एका कोपऱ्यात बसून कानांना हेडफोन लावीत आणि माझ्याबरोबर वाजवीत. संगमेश्वरचे भागोजी सुतार त्यांचे शेजारचे पलंगवाले. ते फार थट्टेखोर होते. एकदा माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "युसुफभाय, तू गिटार हातानं वाजवतोस का पायानं? हात बरा हाय तुझा. ह्यो डबा कशाला मधी?"

युसुफभाईंनी हेडफोन मानेवर उतरवला. "हातानंच वाजवतो, भागोजी," ते म्हणाले. "पन हितं एकट्यानं वाजवला का आवाज पडतो तिथंच पडून ऱ्हातो. हा त्याला उचलून परत आनतो."

भागोजी भिंतीकडे तोंड करून निजले. मला मात्र अभिमान वाटला. मी युसुफभाईंना उत्तर देतो असे मी समजत होतो. ते उत्तर त्यांचेच शब्द असत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्या काळात त्यांनी मला जिवापाड जपले. माझ्या कानात तार असेपर्यंत पोटातली बॅटरी जळत राहते. म्हणून वाजवणे संपले की ते आधी तार काढीत, मग मऊ फडक्याने मला पुशीत आणि उशीपाशी ठेवीत. दर शुक्रवारी नमाजानंतर ते घरी फोन लावीत. त्यांची पत्नी हाजरा आठवड्याचे सारे एका दमात सांगे. मुलीची, म्हणजे नबीलाची शाळा, विहिरीचे पाणी, कोणाचे लग्न, कोण वारले. फोन ठेवला की पुढच्या शुक्रवारपर्यंत शांतता. त्या शांततेत मी होतो.

अखेर युसुफभाई कायमचे घरी आले. नबीला तोवर लग्न होऊन मुंबईला गेली होती. घरात दोघेच. मला वाटले, आता ह्या घरात बोलण्याचा सुकाळ होईल. परंतु मित्रांनो, सवय ही मोठी चिवट गोष्ट आहे. ह्या दोघांना शुक्रवारीच बोलायची सवय लागली होती. शुक्रवारी दुपारी जेवताना हाजराबाई भराभर सगळे सांगत, युसुफभाई मान हलवून ऐकत, आणि शनिवारपासून घर पुन्हा मुके होई. भांडण नव्हते. राग नव्हता. दोघेही जणू फोन ठेवून बसलेले असत.

दुपार कलली की युसुफभाई मला घेऊन माळ्यावर जात आणि कानांना हेडफोन लावीत. आम्ही दोघे त्या खाणीत उतरत असू. खाली हाजराबाईंना काय ऐकू येई? कोरड्या तारांची टिकटिक आणि माझ्या कळीचा खटका. त्या चहा घेऊन जिन्याच्या निम्म्यापर्यंत येत आणि हाक मारीत. ती हाक मला ऐकू येई, युसुफभाईंना येत नसे. मग त्या कप पायरीवर ठेवून परत जात. चहावर साय धरे. हाजराबाईंची हाक परत करण्याचे सामर्थ्य माझ्यात नव्हते. मी फक्त तारेतून आलेलेच परत करू शकतो. ह्या एका गोष्टीने मला फार एकटे वाटे.

एकदा पावसाळ्यात नबीलाला दिवस भरण्याआधीच दवाखान्यात नेल्याचा फोन आला. घाईघाईने दोघे मुंबईला निघाले. गडबडीत माझ्या कानातली तार तशीच राहिली. बॅटरी जळून जळून संपली आणि खाऱ्या, दमट हवेत माझ्या पोटात फुटली. तिचे हिरवे पाणी माझ्या तांब्याच्या नसा खात राहिले. बाहेर समुद्र गाजत होता, वर कौलांवर पाऊस होता, आणि मी अंधारात हळूहळू मरत होतो. कोणाला दोष देऊ? मुलीच्या जिवापुढे डब्याची आठवण कोणाला राहील?

नबीला आणि तिचे बाळ सुखरूप राहिले. पावसाळा सरल्यावर दोघे घरी आले. युसुफभाईंनी माळ्यावर येऊन कळ दाबली. मी गप्प. त्यांनी मला उघडले आणि आतला हिरवा गंज नखाने खरवडून पाहिला.

मग मला ते शहरात रितेशकडे घेऊन गेले. रितेश लाउडस्पीकर आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. त्याने मला ब्रशने साफ केले आणि सांगितले, की आतला एक भाग मुंबईहून मागवावा लागेल, तोवर ह्याला ऊन दाखवा. युसुफभाईंनी विचारले, ह्याच्यावाचून वाजवता येईल का. रितेश हसला. "चाचा, गिटारीला ह्याची गरज नाय," तो म्हणाला. "तुमची तुम्ही बघा."

मला पडवीच्या कठड्यावर उन्हात ठेवण्यात आले. काही दिवस युसुफभाई गिटारीला शिवले नाहीत. एक दिवस त्यांनी माळ्यावर तार मला वगळून सरळ हेडफोनच्या पेटीला जोडून पाहिली. पण तो कोरडा आवाज त्यांना कानाशी सोसवला नाही. मंगळवारी दुपारी ते नुसती गिटार घेऊन पडवीत आले आणि माझ्या शेजारी बसले. तार नाही, हेडफोन नाही. विजेवरची गिटार विजेवाचून वाजवली तर तिचा आवाज किती बारीक असतो, हे तुम्हांला कदाचित माहीत नसेल. डास गुणगुणावा तेवढा. जवळ बसल्यावाचून तो ऐकू येत नाही.

पलीकडे हाजराबाई सुपात सुकट निवडीत होत्या. सुपाची सळसळ थोडी थांबली. मग त्या सूप घेऊन थोड्या अलीकडे सरकल्या. मग आणखी अलीकडे.

युसुफभाईंची बोटे चाचपडत होती. कित्येक जागी ते एक सूर वाजवून थांबत, कारण तिथे पुढचे काम माझे असे. इतकी वर्षे मी ज्या जागा भरल्या त्या सगळ्या उघड्या पडल्या होत्या. ते वाजवीत, थांबत, माझ्याकडे पाहत. मी कठड्यावर निर्जीव पडलो होतो. तशाच एका थांबण्यात हाजराबाई बोलल्या.

"ही खालची पायरी हलते. चिरा सुटलाय तिचा. तुम्ही कुवेतला गेलात तवापासना हलते."

युसुफभाईंनी गिटारीवरून मान वर केली. "मना कधी बोलली नायस?"

"शुक्रवारी ऱ्हाऊन जायचा," त्या म्हणाल्या आणि सुकट निवडू लागल्या.

युसुफभाईंनी पाय लांब करून पडवीची ती पायरी हलवून पाहिली. त्यांनी पुन्हा एक सूर वाजवला आणि हात थांबवला. ह्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते हाजराबाईंकडे पाहत होते. मग त्या बोलू लागल्या. वादळात उडालेली कौले त्यांनी स्वतः वर चढून बसवली होती ते. नबीलाच्या लग्नात पाठवणीनंतर त्या एकट्याच सगळी भांडी घाशीत बसल्या होत्या ते. त्या दिवशी सुकट निवडून व्हायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी युसुफभाईंनी पायरीचा चिरा काढला आणि नवा बसवला.

पुढे मुंबईहून माझा भाग आला आणि रितेशने मला जिवंत केले. युसुफभाईंनी मला पडवीत जोडले आणि हेडफोन हाजराबाईंच्या कानांवर ठेवला. सूर गेला, परत आला. त्या दचकल्या, मग ऐकत राहिल्या. हेडफोन काढून म्हणाल्या, "बरा हाय. पन ह्याच्यात दुसरा कोन नाय."

मित्रांनो, मला जन्मभर न सापडलेले उत्तर ते हेच होते. सुराला रंग द्यायला, त्याला लांब न्यायला मी उपयोगी आहे. ते मी अजूनही उत्तम करीन. पण माणसाला माणूस हवा असतो, तिथे मला बसवले तर मी त्यालाच त्याचा आवाज परत करीन.

युसुफभाईंनी माझी तार काढली, बॅटरी काढली, हाजराबाईंच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात मला गुंडाळले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. ईदला नबीला आली की ते मला खाली काढतात. एरवी मी इथेच असतो. खाली पडवीत गिटार वाजते. ती मला ऐकू येत नाही, इतकी ती बारीक आहे. मला फक्त कोणीतरी बोलल्याचे ऐकू येते, म्हणजे तिथे सूर थांबला असे मी समजतो. ती जागा माझी होती. तिची आठवण येते, हे मी लपवीत नाही.

माझी विनंती एवढीच, की एखादी वस्तू लागेनाशी झाली तर तिला खुशाल ठेवून द्या, पण तिच्या पोटातली बॅटरी काढून मग ठेवा. आणि घरात कोणी सूप घेऊन जवळ सरकले, तर हात थांबवा. शुक्रवारची वाट पाहू नका.