पळसाचं पान

जळबाने डोळे मिटले आणि निलमचा झगा बेंबीच्या वर सारला.

तो मुतखडे तोंडाने ओढून काढायचा. पार सेनगावपासून माणसं त्याच्याकडे येत. सात वर्षांची निलम खाटेवर पडून होती. लघवीला बसली की ती ओठ चावायची. हिंगोलीच्या डॉक्टरने सोनोग्राफीत खडा दाखवून भरती करायला सांगितलं होतं. तिची आजी कमलबाई मात्र तिला इथे घेऊन आली होती, आणि निलमचा बाप नरसिंग मागोमाग आला होता.

जळबाच्या तोंडाला कुजल्यासारखा वास येत होता. ओठांच्या कोपऱ्यात तंबाखूची पिवळी लाळ साचलेली.

"आधी चूळ भरा," नरसिंग म्हणाला.

"आज उपास हाय. पाणी चालत न्हाई."

"अन् तंबाखू?"

"जावईबापू, गप ऱ्हावा," कमलबाई म्हणाली. तिने खडा झेलायला पळसाचं पान पुढे धरलं होतं. "रूपाचा खडा यानंच काढला व्हता. पुढं तिचं आयुष्यच थोडं, त्याला कोण काय करल?"

रूपाबाई तिची लेक, नरसिंगची बायको. खडा निघाला म्हणून घरच्यांनी तिचा दवाखाना सोडला होता. त्यानंतर चौथ्या महिन्यात ती गेली.

जळबा पुटपुटत वाकला. ती लाळ लेकराच्या पोटाला लागणार, हे नरसिंगला बघवेना. त्याने पटकन आपला हात निलमच्या पोटावर ठेवला.

डोळे मिटलेल्या जळबाचं तोंड त्या हातालाच चिकटलं. कोमट, बुळबुळीत. तो जोरात चोखू लागला. ओठांच्या आतलं काहीतरी टणक नरसिंगच्या हाडाला लागलं. मग जळबाने मान वर केली आणि तो पानात थुंकला.

"निघला!"

पानात काळा खडा होता. कमलबाईने पानाकडे बघितलं, मग नरसिंगच्या ओल्या हाताकडे.

"बा," निलमने विचारलं, "खडा तुझ्या हातात व्हता?"

नरसिंगने तिला दुसऱ्या हाताने उचललं.

बाहेर हापशावर तो हात धुऊ लागला. कमलबाई दांडा मारत होती. ती म्हणाली,

"हिंगोलीची जीप फाट्यावर मिळल."

"व्हय."

"रूपाच्या वेळेला पान तुमी धरलं व्हतं."

नरसिंग खाली वाकला आणि माती घेऊन हात पुन्हा घासायला लागला. लाळ कधीच गेली होती. कमलबाईने दांडा थांबवला नाही.