तीनच्या वर न मोजणारं गाव

आमच्या बंदरावर वारा असा, की बोललेलं ऐकायचं असेल तर शब्दाच्या पुढे पळत जाऊन तीन मैलांवर कान लावून उभं राहावं लागतं. म्हणूनच आमची माणसं कमी बोलतात, असं मी पन्नास वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलो. वारा खरा आहे. बाकीचं खोटं.

त्या मंगळवारी माझी थोरली बहीण बोडिल खिडक्यांच्या काचांवरचं मीठ पुसत होती. दर मंगळवारी पुसायची. बुधवारी समुद्र ते परत आणून द्यायचा. मी टेबलापाशी बसून राय पावावर हेरिंग मासे खात होतो.

"शुक्रवारी पोट कापणार आहेत," ती काचेकडे बघत म्हणाली.

"कुणाचं?"

"तुझं कशाला कापतील? माझं. आतड्यात काहीतरी वाढलंय. कॉफी ओतू का अजून?"

मी म्हटलं, "ओत." कॅन्सरबद्दल आम्हा भावंडांत झालेलं बोलणं ते एवढंच.

आमच्याकडे हीच रीत. डोलकाठी डोक्यात बसली तरी माणूस म्हणणार, "जरा लागलं." बाळंतीण म्हणणार, "झालं एकदाचं." आणि चुकून कुणी कण्हलं, तर ते तीन पिढ्या फिटत नाही. क्रेस्टेन कोळ्याचा आजा दात काढताना ओरडला होता. तो दंतवैद्य मेला, त्याचा दवाखाना पडला, तिथं आता सायकलींचं दुकान आहे. तरी धडधाकट तीस वर्षांच्या क्रेस्टेनला गाव आजही 'ओरड्याचा नातू' म्हणतं. ते नाव मी ठेवलं. हेही सांगून टाकतो.

जिल्ह्याच्या रुग्णालयात तेव्हा डॉक्टर राउन यांचं संशोधन चालू होतं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणं आवरायला कमीत कमी किती औषध पुरतं, ते त्यांना शोधायचं होतं. हेतू चांगला होता. जोरकस औषधांनी माणसं गुंगून पडतात, उलट्या करतात, काहींना त्यांची सवय लागते. म्हणून सगळ्यांना साध्या गोळ्या द्यायच्या आणि दिवसातून चारदा विचारायचं : शून्य ते दहा, किती दुखतंय? चार किंवा वर सांगितलं, तर लगेच जास्तीचं औषध. तीनपर्यंत सांगितलं, तर काही नाही.

नियम सरळ होता. पण ज्या गावात तीनच्या वरचा आकडा म्हणजे बेअब्रू, तिथं तो लावला, ही चूक. आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण आकडे मांडणारी नर्स आमच्याच गावची होती : एगॉन बेकरीवाल्याची मुलगी, वीबे.

शनिवारी मी भेटायला गेलो. बोडिल उताणी पडली होती, पोटावर उशी धरून. खोलीत आणखी दोन बायका, त्यांची माणसं, खिडकीत ट्यूलिप. एवढे श्रोते आयते मिळाल्यावर मी गप्प बसणारा नव्हे. मी माझी हुकमी गोष्ट काढली.

"आमच्या बापाची तीन बोटं दोर ओढायच्या चक्रात गेली. पार तुटून फळीवर पडली. बापानं उरलेल्या हातानं ती गोळा केली, मोजली, खिशात घातली आणि आईला हाक मारून विचारलं, कॉफी उकळली का?"

खोली हसली. पलीकडची बाई म्हणाली, "पुरे हो, टाके तुटतील माझे!"

तेवढ्यात वीबे कागद घेऊन आली. "बोडिल, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आत्ता किती?"

बोडिलनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "अगं वीबे, आमच्या घराण्यात तीनपर्यंतच मोजायला शिकवतात. पुढचे आकडे धंद्याला लागत नाहीत."

पुन्हा हशा. बोडिलही हसायला गेली आणि मध्येच थांबली, दोर एकदम ताणला जावा तशी. उशीवरची तिची बोटं पांढरी पडली.

"दोन," ती म्हणाली.

"आणि खोकताना?"

"दोनच. पण मी कशाला खोकू? मला कुठं खोकला झालाय?"

वीबे हसली, दोनदा दोन लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळली.

साठ वर्षं मी दोर हाताळलेत. धरणाऱ्याची बोटं बघून दुसऱ्या टोकाला किती ओझं आहे ते मी सांगतो. ती पांढरी बोटं मी पाहिली. आणि मी काय म्हणालो? "शाबास! बापाची लेक!"

पोट कापलेल्या माणसानं खोल श्वास घ्यायचा असतो, खोकायचं असतं, नाहीतर छातीत कफ साचतो. बोडिल चहाचे घोट घ्यावेत तसे श्वास घेत होती. खोल श्वास घेतला तर टाक्यांपाशी सुरी फिरायची. रविवारी दोन, सोमवारी दोन, मंगळवारी अडीच. त्या अर्ध्याबद्दल तिनं वीबेची माफीसुद्धा मागितली. बुधवारी ताप चढला. गुरुवारी नळीनं प्राणवायू सुरू झाला.

त्या गुरुवारी सकाळी आम्ही दोघंच होतो. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी बापाचीच गोष्ट काढली.

"येप्पे," ती म्हणाली, "बा रडला होता."

"कधी?"

"बोटं गेली त्या दिवशी. जाळ्यांच्या खोपटात. दुपारभर. मी दुसरा हात धरून बसले होते. तू आईबरोबर बाजाराला गेला होतास." ती दम घ्यायला थांबली. "आई आई म्हणून रडला. नंतर म्हणाला, येप्पेला सांगू नकोस."

"आणि कॉफी?"

"कॉफी तुझी. तू घातलीस."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"किती छान सांगायचास. माणसं हसायची. मोडू कशाला?"

मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो. "बोडिल, शनिवारी किती होतं? खरं सांग."

तिनं पांघरुणावर एक पंजा उघडा ठेवला. मग दुसरा ठेवला आणि त्याचा अंगठा मुडपला.

नऊ.

मी धावत जाऊन वीबेला आणलं. औषध वाढवलं, सगळं केलं. पण छाती तोवर भरली होती. रविवारी बोडिल गेली. माझी गोष्ट खरी ठरावी म्हणून ती दोनवर थांबली होती.

वसंतात डॉक्टर राउन आमच्या गावच्या सभागृहात निष्कर्ष सांगायला आले. केक होता, कॉफी होती, भिंतीवर आलेख होता. "तुमच्या भागातल्या एकशे वीस रुग्णांचा सरासरी आकडा अडीचच्या खाली," डॉक्टर म्हणाले. "कमी औषधात उत्तम भागतं. आता हीच पद्धत इतर रुग्णालयांना सुचवायची आहे." छातीच्या संसर्गानं एक मृत्यू झाल्याचं तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. ती माझी बहीण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलं गाव चिवट आहे, हे आता भिंतीवर सिद्ध झालं होतं.

मी उभा राहिलो. मी उभा राहिलो की लोक हसायच्या तयारीनं वळतात. तसे वळले.

"बापाची बोटं गेली तेव्हा तो दुपारभर रडला," मी म्हटलं.

दोघंतिघं हसली. पुढे गंमत येईल म्हणून वाट बघत राहिली.

"कॉफी मी घातली. आणि बोडिलचा त्या भिंतीवरचा दोन हा नऊ होता. मी समोर होतो. मला तिच्या हातावरून कळत होतं. मी विनोद केला."

मग मागून एगॉन बेकरीवाल्याचा आवाज आला, "माझा आकडा एक लिहिलाय. पित्ताशय काढलं तेव्हाचा. तो सात होता."

वीबे खुर्चीवरून उठली. "बाबा? तुमचा एक मी माझ्या हातानं लिहिलाय."

"तू विचारत होतीस म्हणूनच तर एक म्हणालो! पोरीसमोर कण्हू का?"

"आणि मी तुमची पोर असून मला कळू नये?" वीबे तिथंच रडायला लागली. "बोडिलला मी एकदा खोकून दाखवायला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं आपली माणसं कशी आहेत. आकडा सोयीचा होता, म्हणून लिहीत गेले."

मग शाळेच्या बाई म्हणाल्या, सहा. मग कुणीतरी आठ. डॉक्टर राउन यांनी हातातली काठी टेबलावर ठेवली आणि आलेखाकडे पाठ फिरवली. "मग मी मोजलं तरी काय?" ते म्हणाले.

"आमची लाज," मी म्हटलं.

तो निष्कर्ष बाहेर गेला नाही. संशोधन पहिल्यापासून सुरू झालं. आता आकडा विचारतात, पण त्यावर थांबत नाहीत. खोका म्हणतात. खिडकीपर्यंत चाला म्हणतात. आणि माणसाच्या तोंडाकडे, हातांकडे बघतात. भेटायला आलेल्यांना तेवढा वेळ बाहेर काढतात. तो नियम वीबेनं कुणासाठी घातला ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी माझंच हर्नियाचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर कोण? क्रेस्टेन, ओरड्याचा नातू, अपेंडिक्स काढलेला. वीबे आली. "येप्पे, खोका."

मी खोकलो. डोळ्यांपुढे सगळी हेरिंग पोहून गेली.

"किती?"

जिभेवर विनोद तयार होता. तो कायम असतो. क्रेस्टेन भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण त्याचे कान इकडे होते.

"आठ," मी म्हटलं. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ऐंशीच्या घरातला मी, पण शाळेत चड्डी ओली झाल्यासारखे कान तापले.

वीबेनं औषध दिलं. मग भिंतीकडून आवाज आला, "वीबे, माझा मघाचा दोन खोड."

अर्ध्या तासानं माझ्या आठाचे तीन झाले. मी खोल श्वास घेतला, पार तळापर्यंत. आणि तेव्हा मला रडू आलं, ते दुखण्याचं नव्हतं. एवढंसंच होतं ते. एक आकडा आणि औषधाची एक छोटी बाटली. बोडिलला एवढंच लागत होतं.

तुमच्या घरात कुणी पडून असेल आणि म्हणत असेल, काही नाही, बरंय, तर त्याचे शब्द सोडा. बोटांकडे बघा. मी बघितली होती.