डोंगराच्या बाजूने

वेद्रान घरी आला की पहिले काही दिवस मी त्याच्याकडे नुसती बघत बसायचे. नवरा महिनोन्महिने समुद्रावर असला की बघायचं साठून राहतं. या वेळी बघण्याचं कारण वेगळं होतं. त्याला कळू नये म्हणून मी आमच्या लेकीला, कोरिनाला, भरवता भरवता, कपडे वाळत घालता घालता तिरक्या नजरेने बघत होते.

पहिल्यांदा झालं ते कॉफी करताना. कॉफी उतू चालली होती, फेस गॅसवर सांडून चरचरत होता, आणि हा भांड्याचा दांडा धरून उभा. डोळे उघडे. काहीतरी चघळत असल्यासारखे ओठ हलत होते. मी हाक मारली. परत मारली. मग त्याने मान वळवली आणि विचारलं, "काय म्हणालीस? दूध?"

मी दुधाबद्दल काहीच म्हणाले नव्हते.

दमलाय, मी स्वतःला सांगितलं. जहाजावरच्या पाळ्या, तुटकी झोप, विमानाचा लांबचा प्रवास. मी रिएकाच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकलेय. मेंदूवरचा पेपर मला चांगला गेला होता. पण आपल्या माणसाचा प्रश्न आला की शिकलेलं सगळं कुठे जातं कुणास ठाऊक. त्यानंतर एकदा गॅरेजच्या दारात झालं, किल्ली हातात असताना. मग एकदा कोरिना त्याच्या मांडीवर होती तेव्हा. मी तिला त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं, तरी त्याला पत्ता नव्हता. थोड्या वेळाने मांडीकडे बघून हसत म्हणाला, "अरे, ही कुठे गेली?"

त्या दुपारपासून मी सहलीचा बेत बदलायला घेतला.

सहल जुनी होती, म्हणजे तिच्याबद्दलचं बोलणं जुनं होतं. लग्न झाल्यापासून आम्ही म्हणत आलो होतो की एका शरद ऋतूत, पर्यटक गेल्यावर, आमच्या बाकारहून, घरून, निघायचं आणि किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने थेट त्साव्तातपर्यंत जायचं. तिथे माझी आई राहते. दरवर्षी तो जहाजावर तरी असायचा, नाहीतर मी पोटुशी तरी. यंदा सगळं जुळून आलं होतं. मूळ बेत तीन मुक्कामांचा होता. मी त्याचे पाच केले आणि मधे थांबे घातले: सेन्जला, कार्लोबागला, पुढे प्रत्येक गावाच्या वेशीला. तासाभरापेक्षा जास्त गाडी चालायलाच नको. विचारलं तर सांगायला कोरिना होतीच.

रविवारी सासूबाई जेवायला आल्या. कोरिना झाल्यापासून मी त्यांना नोना, म्हणजे आजी, म्हणते. जेवण झाल्यावर त्या भाजलेले चेस्टनट सोलत बसल्या, आणि वेद्रानने टेबलावर नकाशा पसरला. फोनवरचा नकाशा त्याला पटत नाही. मी माझे थांबे वाचून दाखवले.

"पाच दिवस?" नोना म्हणाल्या. "अगं सूनबाई, पाच दिवसांत तुझा सासरा माल्टाला पोचायचा. तेही कोळसा भरून."

"त्यांच्या जहाजावर बाळ नव्हतं, नोना."

"होतं की. कॅप्टन."

वेद्रान खो खो हसला. मला बरं वाटलं. असा हसतो म्हणजे ठीकच असणार, असं वाटायचं मला त्या दिवसांत.

"आणि दर तासाला थांबायचं म्हणजे, पोरी, तुम्ही जायला निघालाय की थांबायला?"

"कोरिनाला गाडी लागते."

"कुणाला? हिला? ही गाडीत बसली की बंदरातल्या हमालासारखी घोरते!"

"असू दे आई," वेद्रान म्हणाला. "थांबे मला आवडले. राहू देत. फक्त उलटं जाऊ या. जाताना महामार्गाने, डोंगरापलीकडून. किनाऱ्याचा रस्ता येताना घेऊ."

नोनांचा सोलता हात थांबला. "उलटं? कोणी जातं का असं? समुद्र बघायला निघालाय आणि आधी बोगदे बघणार?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे कोणीही दक्षिणेला जाताना किनाऱ्याने जातो, कारण इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि जाताना आपली गाडी समुद्राकडच्या कडेने धावते. खिडकीखाली एकदम पाणी. कुठे बुटका दगडी कठडा असतो, कुठे तोही नसतो. परत येताना आपण डोंगराच्या बाजूला, कड्याला खेटून. समुद्र दिसायचा तर पलीकडची लेन ओलांडून दिसणार.

"का रे उलटं?" मी विचारलं.

"ऊन डोळ्यांवर येतं."

"ऑक्टोबरातलं?"

"तेच वाईट असतं. खाली आलेलं."

तो नकाशाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. आमची ओळख नवी होती तेव्हा एका संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर बसून त्याने मला त्याचं काम समजावून दिलं होतं. तो दुसरा अधिकारी, जहाजाचा मार्ग आखणारा. मार्ग आखताना पहिला प्रश्न हा नसतो की जवळचा रस्ता कुठला, असं तो म्हणाला होता. पहिला प्रश्न हा, की इथे इंजिन बंद पडलं तर जहाज कुठे वाहत जाईल? खडकाकडे जाणार असेल तर वाट वाकडी करायची, मग कितीही वेळ लागो. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. या माणसाबरोबर आयुष्य काढलं तर आपलं काही वाईट होणार नाही, असंही.

मी नकाशावर हात ठेवला.

"वेद्रान, इंजिन बंद पडलं तर गाडी कुठे वाहत जाईल?"

"नवी गाडी आहे, कशाला बंद पडतेय?" नोना म्हणाल्या. "सर्व्हिसिंग केलंय ना रे?"



"मी गाडीचं विचारत नाहीये, नोना."

टेबलाखाली कोरिना चेस्टनटची सालं गोळा करत होती. मग तो म्हणाला, "कड्याला घासेल. घासत घासत थांबेल."

"आणि डावीकडे वळली तर?"

त्याने नकाशाची घडी घालायला घेतली.

"किती वेळा झालंय?" मी विचारलं.

"काय किती वेळा?" नोना म्हणाल्या, आणि मुलाचा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनीही कधीतरी पाहिलं असणार. हातातली सुरी त्यांनी हळूच ताटलीत ठेवली.

"जहाजावर दोन-तीनदा," तो म्हणाला. "मला कळलं तेवढं. एकदा पहाऱ्यावर असताना, चीनच्या किनाऱ्याजवळ. समोर मच्छीमार होड्या होत्या, भरपूर. मी भानावर आलो तर सुकाणूवरच्या खलाशाने जहाज वळवून घेतलेलं. रामोन म्हणून एक फिलिपिनो. म्हणाला, सर, तुम्हीच सांगितलंत ना वळवायला. मी काही सांगितलं नव्हतं. मला सांभाळून घेतलं त्याने."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? नोव्हेंबरात माझी मेडिकल आहे. त्या कागदावर एक शब्द आला की संपलं. चौतिसाव्या वर्षी किनाऱ्यावर. मग काय करू, जर्मन पर्यटकांना आइसक्रीम विकू?"

"मग ही सहल कशासाठी?"

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "चाचणी म्हणून. एवढा सगळा रस्ता गाडी चालवली आणि काही झालं नाही, तर समजायचं गेलं ते. थकव्याने होतं, थकवा गेला, ते गेलं."

"कोरिनाला मागे बसवून?"

"तू शेजारी असणार होतीस ना! आल्यापासून तू माझ्यावर नजर ठेवून आहेस. तुला काय वाटलं, मला कळत नाही? स्टिअरिंग धरायला तू. थांबे तूच घातलेस, आणि चांगले घातलेस. राहिली होती रस्त्याची बाजू, ती मी बदलली."

मी त्याच्यापासून लपवून जी काळजी करत होते ती त्याने मोजून मापून आपल्या आखणीत बसवली होती. टेहळणीला एक माणूस, म्हणजे मी. आणि हे सांगताना त्याच्या आवाजात लाज नव्हती, उलट आखणी जमल्याचं समाधान होतं. तेच मला जास्त भयंकर वाटलं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं.

"थांब," नोना म्हणाल्या. त्यांनी टेबलाखालून कोरिनाला वर घेतलं आणि तिच्या मुठीतली सालं काढत, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "हे बघ. जहाजावर तो एकटा नसतो. दहा डोळे असतात. कोणी ना कोणी असतंच."

"आणि नसेल तेव्हा?"

"याच्या बापाची कंपनी बुडाली तेव्हा तो घरी बसला. धडधाकट माणूस. सकाळी धक्क्यावर जायचा आणि दुसऱ्यांची जहाजं बघायचा. मग तिथल्या गुत्त्यातून बघायला लागला. दोन वर्षांत लिव्हर गेलं. तू तेव्हा नव्हतीस. मी होते. याला किनाऱ्यावर बसवायचं म्हणतेस ना, बसव. पण काय बसवतेयस ते ओळखून बसव."

मी त्यांना खोटं ठरवू शकत नव्हते. घरी असतानाही वेद्रान दिवसातून दोनदा खिडकीशी जातो आणि आखातात कोणतं जहाज आलंय ते बघतो. आपलं नसलं तरी. मी ते सगळं पुढचं बघू शकत होते: खिडकी, धक्का, गुत्ता. आणि दुसरीकडे कार्लोबागच्या खालची ती वळणं बघू शकत होते, मागच्या सीटवर झोपलेली पोर, आणि चालवणाऱ्याचे उघडे, रिकामे डोळे.

"तू उद्या आला नाहीस," मी त्याला म्हटलं, "तर मी हिला घेऊन बसने आईकडे जाईन. आणि परतीचं तिकीट काढणार नाही."

"धमकी देतेस?"

"हो."

नोनांनी एकच शब्द उच्चारला, तो मी इथे लिहीत नाही.

तो आला. मला वाटतं, आयत्या वेळी मी बोलणार नाही असा त्याचा हिशोब असावा. डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली, हात पुढे करायला लावले. त्या त्याला शाळेपासून ओळखतात.

"कधी शुद्ध हरपली? मधलं काही आठवत नाही असं?"

"नाही. दमतो जरा. झोपेचं गणित बिघडलंय."

त्या लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काही पाहिलंय का हो घरी?"

कोरिना माझ्या मांडीवर जीभ दाबायची लाकडी पट्टी चघळत होती. वेद्रानने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. निघताना जहाजाच्या कठड्याशी उभा राहून तो बघायचा तसं बघितलं, धक्का मागे सरकत असल्यासारखं.

मी सांगितलं. कॉफीपासून सुरुवात केली. ओठ कसे हलतात ते सांगितलं, हाक ऐकू जात नाही ते, न बोललेलं दूध ऐकू येतं ते. गॅरेज सांगितलं. मांडीवरची पोर सांगितली. माझा आवाज इतका सपाट होता की जणू मी शेजाऱ्यांबद्दल बोलत होते.

"म्हणजे तीनदा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"चार," वेद्रान म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. "ही परवा बाजारात गेली होती तेव्हा एकदा. मी जिन्यात होतो."

त्यानंतर त्यानेच बाकीचं सांगितलं, होड्या आणि रामोनसकट. बाईंनी मधे अडवलं नाही. मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी दिली आणि सांगितलं: गाडी आजपासून बंद. शिडीवर चढायचं नाही. एकट्याने पोहायचं नाही. बाळाला एकट्याने आंघोळ घालायची नाही, कडेवर घेऊन जिना उतरायचा नाही.

"आणि नोव्हेंबरची मेडिकल?"

"औषधाने पुष्कळांचं थांबतं, वेद्रान. तुझंही थांबेल कदाचित."

"मेडिकलचं विचारतोय मी."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

गाडी मी चालवत परत आणली. तो शेजारी बसला होता, हात मांडीवर. रस्ता आमचा रोजचाच, बाकारपर्यंतचा, पण मी घाट उतरत असल्यासारखी चालवत होते, आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. एकदा वाटलं, तो म्हणेल, अगं, जरा दाब ना. म्हणाला नाही. घराजवळच्या वळणावर मी विचारलं, "आईला काय सांगू?"

"सांग, येत नाही म्हणून."

"मी चालवते. सावकाश जाऊ. थांबत थांबत."

"तू जा. मला त्या सीटवर बसून समुद्र बघायचा नाहीये."

नोना फाटकाशीच उभ्या होत्या, थंडीत, स्वेटरही न घालता. त्याने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं: मेडिकल होणार नाही. पोरीला घेऊन जिनाही बंद. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी मागचं दार उघडून कोरिनाचा पट्टा सोडवत होते, तर मला बाजूला सारून त्यांनीच तिला बाहेर काढलं, छातीशी धरलं आणि पायऱ्यांकडे निघाल्या.

पायऱ्यांच्या खाली वेद्रान उभा होता. कोरिनाने त्याला बघितलं आणि नेहमीप्रमाणे स्वतःला त्याच्याकडे झोकून दिलं. त्याने हात पुढे केले.

नोना थांबल्या. त्या हातांकडे त्यांनी बघितलं. आमच्या दगडी पायऱ्यांकडे बघितलं. मग रडणारी पोर घेऊन त्या मागे वळल्या, माझ्यापर्यंत चालत आल्या आणि तिला माझ्या हातात दिलं.